माडीवरची आगगाडी

दिवाळी जवळ आली कीं मुलांचे किल्ले उभे राहूं लागतात. मग जागा वाड्याच्या अंगणांत मिळो, चाळीच्या जिन्याखालीं मिळो, किंवा नव्या इमारतीच्या वाहनतळाच्या एखाद्या कोपऱ्यांत मिळो. विटांचे तुकडे, गोणपाट, तांबडी माती आणि वर पेरलेले अळीव एवढ्या भांडवलावर रायगड व सिंहगड चार दिवसांत तयार होतात, आणि त्या चार दिवसांत मुलांस तहानभुकेची शुद्ध राहत नाहीं. वडील माणसें येतां जातां कौतुकानें पाहतात, एखादी सूचना करतात, आणि मग हळूच बैठक मारून स्वतःच बुरूज लिंपूं लागतात! मोठ्या वस्तूची हुबेहूब लहान प्रतिकृति आपल्या हातानें उभी करावी ही हौस वयाबरोबर नाहींशी होत नाहीं. ती केवळ लाजून लपून बसते. आज ज्या उद्योगाची हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों, तो या किल्ल्याचाच थोरला भाऊ होय. घरांतल्या घरांत आगगाडीचा सांगोपांग मार्ग, डोंगर, पूल, बोगदे व स्टेशनें यांसह बांधणें, हाच तो उद्योग.

हा छंद आपल्याकडे नवा वाटला तरी जगांत नवा नाहीं. जर्मनींतील मेर्क्लिन कारखान्यानें इ. स. १८९१ सालीं लाइप्झिगच्या व्यापारी जत्रेंत ठराविक मापाच्या रुळांवरील खेळण्यांची आगगाडी मांडली, आणि आज घेतलेला डबा उद्यां घेतलेल्या रुळावर चालेल अशी सोय झाली. टेबलावर मावेल इतकी लहान विजेची गाडी १९३५ च्या सुमारास बाजारांत आली. त्याच वर्षीं अमेरिकेंत मिल्वॉकी येथें या छंदाच्या लोकांनीं आपली राष्ट्रीय संस्था स्थापन करून चाकांचीं व रुळांचीं मापें निश्चित करण्याचें काम हातीं घेतलें. हँबुर्ग शहरांत दोघां जुळ्या भावांनीं २००१ सालीं उघडलेलें ‘मिनियाटुर वुंडरलांट’ हें या जातीचें अवाढव्य प्रदर्शन पाहण्यास जगभरचे लोक जातात. इतकें दूर जाण्याचें कारण मात्र नाहीं. पुण्यास कोथरूड भागांत भाऊसाहेब जोशी यांनीं १९९८ सालीं खुलें केलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस एका माणसाच्या हौसेनें काय उभें राहूं शकतें हें निराळें सांगावयास नको. आमच्या घरीं हें वेड शिरलें तें तेथूनच.

आमचे थोरले काका रेल्वेंत गार्ड होते, व त्यांच्या नोकरीचीं पुष्कळ वर्षें बोरघाटांत गेलीं. निवृत्तीनंतर संग्रहालयांतून परत येतांना ते वाटेंत एक शब्द बोलले नाहींत. घरीं आल्यावर मात्र चहाचा पेला बाजूस सारून म्हणाले, “आपल्या माडीवर घाट बसेल काय रे?” माडीवरची खोली अठरा फूट लांब व अकरा फूट रुंद होती आणि तींत धान्याच्या कोठ्या, मोडके पाळणे व जुन्या पंचांगांचे गठ्ठे एवढेंच होतें. “त्या कोठ्या हालवाल तर माझ्याशीं गांठ आहे,” असें काकूंनीं बजावलें. कोठ्या तिसऱ्या दिवशीं हालल्या. आणि पुढें आठ दिवस काकू आम्हां कोणाशीं बोलल्या नाहींत.

बोरघाटाचा मार्ग इ. स. १८६३ सालीं सुरू झाला. सुमारें पावणेसोळा मैलांत तो अठराशें एकतीस फूट चढतो, व त्याच्या मूळच्या मार्गांत पंचवीस बोगदे होते. कांहीं ठिकाणीं चढ सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. आतां आमचें गणित पाहा. या छंदांतील सर्वांत रूढ प्रमाण एकास सत्याऐंशी असें आहे. म्हणजे खऱ्या गाडीचे सत्याऐंशी फूट तो आपला एक फूट. या हिशेबानें घाट बांधावयाचा तर मार्गाची लांबी नऊशें साठ फुटांवर जाते, आणि लोणावळें कर्जतच्या वर एकवीस फुटांवर येतें! माडीचें छप्पर फोडून आणखी दोन मजले चढविल्याखेरीज हें घडणें नाहीं. पहिल्याच रात्रीं आम्हांस कळून चुकलें कीं, येथें नकाशा गिरवून चालणार नाहीं. अमेरिकेंतील फ्रँक एलिसन या जुन्या जाणत्यानें म्हणून ठेविलें आहे कीं, असा मार्ग ही एक रंगभूमि आहे. गाड्या हे नट, वेळापत्रक हें नाटक, आणि डोंगर हा पडदा. नाटकांत ज्याप्रमाणें बारा वर्षांचा वनवास तीन तासांत आटोपतो, त्याप्रमाणें घाटांतील कोणत्या खुणा ठेवल्या असतां घाट ओळखूं येईल तेवढ्याच ठेवाव्या, बाकीच्या मनानें पुऱ्या कराव्या. आम्हीं कर्जतचें स्टेशन, दोन बोगदे, एक कमानींचा पूल, लोणावळें, आणि खंडाळ्याजवळील जुनें उलटफेरीचें स्टेशन एवढें पक्कें केलें. या शेवटच्या स्टेशनांत गाडी कड्याच्या टोकाशीं येऊन थांबे, इंजिन काढून दुसऱ्या टोकास लावीत, आणि गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढूं लागे. १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर तें बंद पडलें. काकांनीं तें पाहिलें नव्हतें, परंतु त्यांच्या आजोबांच्या तोंडून त्याचें वर्णन ऐकलें होतें. म्हणून तें हवेंच.

पहिली अडचण रुळांचीच आली. आपल्या देशांतील रुंद मार्गाचे रूळ एकमेकांपासून साडेपांच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर, अंतरावर असतात. सत्याऐंशीनें भागिलें असतां सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. बाजारांत मिळणारा मार्ग मात्र साडेसोळा मिलिमीटरांचा. कारण तो युरोप-अमेरिकेंतील चार फूट साडेआठ इंचांच्या मार्गावरून बेतलेला. तेव्हां तिढा असा कीं, एक तर रूळ व चाकें स्वतः घडवावीं, नाहीं तर सर्व डबे एकास एकशें दोन या प्रमाणांत लहान करावे, नाहीं तर डबा एका मापाचा व मार्ग दुसऱ्या मापाचा ही विसंगति गोड मानून घ्यावी. आम्हीं तिसरा मार्ग पत्करला, व बहुतेक नवशिक्यांनीं तोच पत्करावा. पहिला डबा रुळावर ठेवला तेव्हां काका वांकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “गाडी आपली, पण पाय परदेशी!” नंतर त्यांनीं चष्मा काढून खिशांत ठेवला. “हं. आतां ठीक दिसते.”

दुसरा प्रश्न वळणांचा व चढाचा. खऱ्या रुंद मार्गावरील अत्यंत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर असते; आमच्या प्रमाणांत ते दोन मीटर होतात, म्हणजे केवळ एक अर्धवर्तुळ काढावयास तेरा फूट रुंदी हवी. यासाठीं अनुभवी लोकांनीं एक सोपा नियम बसविला आहे: सर्वांत लांब डब्याच्या निदान अडीचपट, व साधल्यास तिप्पट त्रिज्या ठेवावी. पेरांबूरच्या कारखान्याचा डबा या प्रमाणांत साडेनऊ इंचांहून थोडा मोठा होतो. त्याची तिप्पट एकोणतीस इंच. आमच्या पांच फूट रुंदीच्या मेजावर सत्तावीस इंच बसले, व गाडी फारशी कुरकुर न करतां वळली. चढाचें तर याहून नाजूक आहे. एका मार्गावरून दुसरा मार्ग न्यावयाचा तर वरचा रूळ खालच्यापासून चार इंच उंच हवा. पन्नासांस एक या चढानें चार इंच चढावयास पावणेसतरा फूट मार्ग लागतो, आणि चौदा फूट मेजावर तो आणावयाचा कोठून? अशा वेळीं उलटफेरीचें स्टेशन आमच्या मदतीस धांवलें. जेम्स बर्कले या इंजिनिअरनें डोंगरास वळसा घालण्यास जागा नाहीं म्हणून जी युक्ति योजिली, तीच दीडशें वर्षांनंतर आमच्या माडीवर उपयोगी पडली. गाडी पुढें चढते, थांबते, उलट फिरून आणखी चढते; वळणास लागणारी जागा वांचते.

आतां आमच्या चुका. मेज आम्हीं चौदा फूट लांब व पांच फूट रुंद असें सलग बांधलें आणि भिंतीस टेकवून ठेवलें. माणसाचा हात उभ्यानें अडीच फुटांपलीकडे नीट पोंचत नाहीं ही गोष्ट कोणासही सुचली नाहीं. गाडी मात्र नेमकी भिंतीलगतच्या बोगद्यांतच घसरे. मग घरांतील सर्वांत लहान मुलास उचलून डोंगरावरून आडवा धरावयाचा, आणि त्यानें चिमट्यानें डबे बाहेर काढावयाचे! शेवटीं मेजाच्या मध्यभागीं माणूस उभा राहील एवढें भोंक पाडावें लागलें, आणि भिंतीकडील बाजूस बोगद्यास हात घालण्यापुरती खिडकी ठेवावी लागली.

दुसरी चूक लांकडाची. सांगाडा आम्हीं खोक्यांच्या देवदारी फळ्यांचा केला, त्यास रंग किंवा रोगण लाविलें नाहीं, आणि भर श्रावणांत त्यावर रूळ एकमेकांस घट्ट भिडवून ठोकले. पावसाळी हवेनें लांकूड फुगलेलें होतें. फाल्गुनांत तें सुकून आंखडलें. उलट उन्हानें रूळ थोडे लांबले. चैत्राच्या एका दुपारीं माडीवर जाऊन पाहतों तों कर्जतच्या पुढील सरळ मार्ग नागमोडी झालेला! लांकडाच्या सर्व अंगांस रोगणाचे दोन हात द्यावे, आणि रुळांच्या सांध्यांत कांहीं अंतरानें पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी, हा धडा आम्हीं सबंध मार्ग उखडून शिकलों.

विजेचें काम कठीण नाहीं, पण तें स्वच्छ हवें. साध्या पद्धतींत बारा व्होल्टांची वीज रुळांतून इंजिनास मिळते. एक रूळ धन, दुसरा ऋण. चांगले रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात, ज्याचीं भांडीं पूर्वी घरोघर असत. नुसत्या रुळांच्या जोडांवर विश्वासूं नये. दर तीन-चार फुटांस खालून जाड तारेची जोड द्यावी, नाहीं तर चढावर इंजिन धापा टाकूं लागतें. डाग देण्यास आमच्या एका चुलत भावानें उत्साहानें नवसागर वापरला. कल्हईस तो उत्तम; पण विजेच्या जोडांस तो कालांतरानें खातो. तेथें राळच वापरावी. आणि एक मौजेची गोष्ट अशी कीं, गाडी वळसा घेऊन आल्याच मार्गावर परत येईल असें वळण कर्जतजवळ घालतांच सर्व वीज खटकन बंद पडली. कारण उघड होतें: वळसा पुरा होतांच उजवा रूळ डाव्यास मिळाला, धन ऋणास मिळालें. असा वळसा घालावयाचा तर त्याचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांस तोडून निराळे ठेवावे लागतात, व गाडी आंत असतां विजेची दिशा बदलावी लागते. पुढें आम्हीं इंजिनांत चिमुकला संगणकी तुकडा बसविण्याची अर्वाचीन पद्धति स्वीकारली. तींत वीज सर्व मार्गांत एकसारखी असते, आणि ज्या क्रमांकास आज्ञा द्यावी तेंच इंजिन हालतें. त्यामुळें कर्जतला गाडीच्या मागें ढकलणारें इंजिन लावण्याची खरी रीत आम्हांस पाळतां आली. ती शिटी ऐकून काकांचा चेहरा जो फुलला, तो आम्ही विसरणार नाहीं.

डोंगर करण्याची पाळी आली तेव्हां मात्र पुस्तकें मिटलीं आणि सारें घर माडीवर आलें. मुलांनीं किल्ल्याच्या अनुभवावरून गोणपाट प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्यें बुडवून जाळीवर पसरलें. काळ्या पाषाणाचा रंग वहिनींनीं जमविला. त्यांनीं शुद्ध काळा रंग नाकारून त्यांत तपकिरी व थोडा निळा घातला, व तोच बरोबर ठरला. लांकडाचा भुसा रंगवून त्याचें गवत झालें. आजींनीं खुर्चीवर बसून करवंदांच्या जाळ्या कोठें असाव्या तें काठीनें दाखविलें. आणि एके संध्याकाळीं, सर्व खालीं जेवावयास गेलेले असतां, लोणावळ्याच्या फलाटावर बोटाच्या पेराएवढी चिक्कीची गाडी कोणी तरी आणून ठेवली. तिचें छत काकूंच्या जुन्या खणाच्या तुकड्याचें होतें. त्याविषयीं आम्हीं कोणी कांहीं विचारलें नाहीं.

रविवारीं सायंकाळीं गाड्या चालत. काका वेळापत्रक लिहीत, मुलें सांधे बदलीत, आणि गाडी उलटफेरीच्या स्टेशनांत थांबली कीं काका हटकून ट्रेडवेलबाईंची गोष्ट सांगत. घाटाच्या कामाचा मक्ता घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ सालीं हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी ॲलिस हिनें परक्या देशांत, त्या दुःखांत, मक्ता सोडून न देतां जाणत्या इंजिनिअरांच्या हातीं काम सोंपवून तें तडीस नेलें. मुलांस ती गोष्ट पाठ झाली होती. काकू दाराशीं उभ्या राहून ऐकत.

पुढें वाडा पाडून नवी इमारत बांधण्याचें ठरलें, आणि आमच्या सर्वांत मोठ्या चुकीनें डोकें वर काढलें. माडीचें दार पावणेतीन फुटांचें. मेज चौदा फूट लांब व पांच फूट रुंद, आणि सलग. तें खोलींतच बांधलें होतें, व खोलींतून निघणें शक्य नव्हतें. करवतीवांचून गत्यंतर नव्हतें. सुतार आला त्या सकाळीं काकांनीं स्वतः खडूनें रेघा मारल्या. “स्टेशनें कापा, पण पूल कापूं नका,” एवढेंच ते म्हणाले, आणि करवत चालूं झाली तेव्हां खालीं येऊन वर्तमानपत्र वाचीत बसले. तें वर्तमानपत्र आदल्या दिवसाचें होतें.

नव्या घराच्या किल्ल्या येण्यापूर्वीं काका गेले. सामान लागल्यावर तीं पांच खोकीं गॅलरींत कापडाखालीं पडून राहिलीं. कोणी हात लावीना, आणि कोणी टाकूंही देईना. वर्षश्राद्ध झाल्यानंतर एके दिवशीं काकूंनीं दोघां मुलांस बोलावून विचारलें, “काय रे, घाट केव्हां मांडणार? ट्रेडवेलबाईनें काम अर्धवट टाकलें होतें काय?”

आतां तो मार्ग पुन्हां उभा आहे. या खेपेस प्रत्येक भाग चार फूट लांब व दोन फूट रुंद, खिळ्यांऐवजीं बोल्टांनीं जोडलेला, आणि तारांची जोडणीही सुटी होणारी आहे. दार कितीही अरुंद असलें तरी तो बाहेर निघेल. ज्या वाचकांस हा उद्योग करण्याची इच्छा असेल, त्यांस आम्ही एवढेंच सुचवूं कीं, सर्व आराखडा एकदम हातीं घेऊं नये. एक भाग पुरा करावा, त्यावर गाडी चालवावी, चुका उघड होऊं द्याव्या, आणि मग दुसरा जोडावा. हात पोंचेल तेवढेंच रुंद करावें, व दारांतून निघेल तेवढेंच मोठें. आणि घरांतील प्रत्येकाच्या हातचें कांहीं तरी त्यांत असूं द्यावें. कारण मूळ हौस ज्याची होती तो नसतांही मार्ग पुरा करण्यास पुढें कोण येईल, हें आधीं सांगतां येत नाहीं.

रविवारीं वेळापत्रक आतां काकू लिहितात. उलटफेरीच्या स्टेशनांत गाडी ठरल्याहून मिनिटभर अधिक थांबते. मुलें त्याबद्दल तक्रार करीत नाहींत.